बिनआईची रोपं

जेऊर स्टेशनवर सोलापूरकडे जाणारी गाडी कुठल्या फलाटाला लागते हे शालनला लग्न होऊन आल्यापासून ठाऊक आहे. तरी ती आधी तिकीट खिडकीवर विचारते, मग चहावाल्याला विचारते, मग बाकावर बसलेल्या एखाद्या मास्तराला विचारते. आणि तिघांनीही एकच उत्तर दिलं की तिला वाटतं, हे तिघं एकमेकांना सामील दिसतात.

गॅसचं सिलिंडर घरी आलं की ती ते हलवून बघणार. दूधवाल्याच्या डोळ्यांदेखत दुधात बोट बुडवणार. फोनवर कुणी ‘शालनबाई का?’ म्हणालं की ‘तुमचं काय काम हाय त्यांच्याकडं?’ असं उलट विचारणार. शेजारची भिमा एकदा म्हणाली होती, बाई मनाने वाईट नाही, पण तिच्याशी बोलताना आपणच काहीतरी चोरलंय असं वाटायला लागतं. हे फिरत फिरत शालनच्या कानावर आलं तेव्हा तिने पहिला प्रश्न केला, “का? तिनं काय चोरलंय?”

हा स्वभाव तिने माहेराहून आणलेला नव्हता. नवरा धोंडिराम होता तोवर ती चारचौघींसारखीच होती. धोंडिराम म्हणजे भोळा सांब. बाजारात कुणी दोन शब्द गोड बोललं की हा त्याला जेवायला घरी घेऊन यायचा. एका वर्षी करकंबच्या बाजारात भेटलेल्या माणसाकडून त्याने कांद्याचं बी आणलं, ते ‘घरचंच हाय, पावनं’ एवढ्या एका वाक्यावर. रानभर डेंगळे उभे राहिले. फुलंच फुलं, आणि खाली कांदा म्हणावा असं काही नाही. धोंडिराम हसून म्हणाला, पुढच्या साली बघू. पुढचं साल त्याला दिसलं नाही. त्याच पावसाळ्यात चार दिवसांच्या तापात तो गेला.

शालनच्या डोक्यात ते बी आणि ते मरण एकमेकांना चिकटून बसलं ते कायमचं. त्यानंतर ती दुसऱ्यांच्या केळीच्या बागांतून राबली. कॅनॉलपलीकडच्या मायाप्पाच्या बागेत तर तिची निम्मी हयात गेली. लेकीला, तेजश्रीला, तिने कृषी पदविकेपर्यंत शिकवलं. आणि आपल्या दोन एकरांत, ज्याचं मूळ स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं नाही असं काहीही कधी लावलं नाही.

म्हणून तेजश्रीने टिश्यूच्या केळीचं नाव काढलं तेव्हा घरात आठवडाभर वाद चालला.

तेजश्री कामाला होती ती बसवेशच्या रोपवाटिकेत. बसवेश मूळचा अक्कलकोटकडचा, जेऊरच्या रस्त्याला त्याचं हिरव्या जाळीचं मोठं शेड. प्रयोगशाळेत बाटलीत वाढलेली केळीची इवलीशी रोपं त्याच्याकडे यायची. ती पिशव्यांत लावायची, सावलीत ठेवून हळूहळू ऊनवाऱ्याची सवय करायची आणि तयार झाली की शेतकऱ्याला द्यायची, असा त्याचा धंदा. तेजश्रीकडे निवड होती. पानावर पट्टे आलेलं, खुरटलेलं, वेडंवाकडं रोप दिसलं की उचलून बाजूला टाकायचं. ‘आमच्या तेजश्रीच्या हाताखालनं गेलेलं रोप माघारी येत न्हाय,’ असं बसवेश गिऱ्हाइकाला सांगायचा. पुढच्या हंगामापासून सगळं शेडच तिच्यावर सोपवायचं त्याने कबूल केलं होतं.

“कबूल केलंय व्हय? का पन?” शालनने लगेच विचारलं.

“माझं काम चांगलं आहे म्हणून, आई.”

“तेवढ्यासाठी कुनी काय कबूल करत न्हाय.”

तेजश्रीने नमुन्याला एक रोप घरी आणलं. शालनने ते दारातल्या उजेडात धरलं, पिशवीच्या खालून बघितलं, वास घेतला. “ह्याची आई कुटं हाय?”

तेजश्रीने समजावलं. एका चांगल्या, निरोगी झाडाचा कोंब घेतात, त्याचे बारीक तुकडे करतात, बाटलीत औषधपाण्यावर ठेवतात. त्यातून एकाची शंभर, शंभराची हजार रोपं होतात. सगळी एका आईची, सगळी सारखी, सगळ्यांचे घड एकदम काढायला येतात.

“समदी सारखी?” शालन म्हणाली. “माझी तर एकच हाय, ती बी माझ्यासारकी न्हाय.”

मायाप्पाच्या बागेत ती शिकली होती ते असं, की केळीच्या बुडाला फुटलेला मुनवा पहारीने कंदासकट काढायचा, आणि काढताना त्याच्या आईकडे बघून घ्यायचं. आई कशी, घड कसा, पान कसं. ज्या रोपाची आई बघायला मिळत नाही ते रोप म्हणजे तिच्या लेखी गाव न सांगणारा पाहुणा. ती एकदा बसवेशच्या शेडवरही जाऊन आली. तो आदराने ‘बसा मावशी’ म्हणाला, चहा मागवला, आणि तेवढ्यात फोन आला म्हणून कानडीत बोलू लागला. ‘हौदु, हौदु’, म्हणजे ‘हो, हो’, म्हणत मधूनच शालनकडे बघून हसला. शालनने चहा तसाच ठेवला. हा माणूस आपल्याबद्दलच बोलतोय याबद्दल तिची आजही खात्री आहे.

शेवटी लेकीच्या हट्टापुढे ती नमली. ठिबकच्या नळ्या अंथरल्या, रोपं लागली. तेजश्रीने एकेक खड्डा स्वतः बघितला आणि सांगून ठेवलं, “उन्हाने थोडी मरतील, ते धरूनच चालायचं. नांग्या पडल्या, जागा रिकाम्या झाल्या, की रविवारी मी त्यांच्या बदली रोपं आणते. तोवर तू काही लावू नको.”

मेलीही थोडी. आणि त्यांच्या बदली रोपं फुकट मिळणार हे ऐकून शालनचा संशय दुणावला. फुकट कोण कशाला देईल? जे खपत नाही तेच ना? तेजश्रीवर तिचा संशय नव्हता, तेजश्रीला कुणीतरी बनवतंय असा होता. तिने पहार घेतली आणि मायाप्पाच्या बागेत गेली. मायाप्पा आता थकला होता, बागेकडे त्याचं लक्ष नव्हतं. पण ‘लागतील तेवढे ने’ म्हणाला. शालनने मुद्दाम बारके मुनवे निवडले, रोपांत मिसळून जातील असे. ज्या जागा रिकाम्या होत्या तिथे लावले. हात चालू लागला तसा तिला चेव आला. दोन-चार ठिकाणी तर जगलेली रोपं उपटून तिथे मुनवे घातले. बाटलीतल्यांनी दगा दिला तर रानात घरचं म्हणून काहीतरी असावं, एवढाच तिचा हिशेब.

रविवारी तेजश्री रोपांचा ट्रे घेऊन आली. शालन बांधावरूनच म्हणाली, “समदी जगली की. ने माघारी.”

“एकपण नाही मेलं?” तेजश्री इतकी हरखली की तिने ट्रे खाली ठेवून टाळी वाजवली. “बघ! मी तुला सांगत होते ना?” लेकीचा तो आनंद बघून शालनला कुठेतरी टोचलं. पण टोचलेलं बोलून दाखवायची तिला सवय नव्हती.

रोपं गुडघ्याला लागली आणि एका सकाळी तिला पहिला पिवळा पट्टा दिसला. मग दुसरा. पानं चिरमटलेली, मधली सुरळी सडत चाललेली. बांधावरून जाणाऱ्या एकाने सांगितलं, “हरन्या हाय हा, शालनबाई. मावा फिरला की पसरतो. उपटा लवकर.” खोटं कशाला सांगा, ते ऐकून शालनला आधी बरं वाटलं. मी म्हणत नव्हते? बिनआईची रोपं ती! रोग तिच्या मुनव्यांतही होता आणि त्यांच्या आजूबाजूच्या रोपांतही होता. कुठे काय लावलंय हे तिला तोंडपाठ होतं. पण कुणाचा रोग कुणाला लागला हा प्रश्न तिला पडला नाही. सगळ्या दुनियेवर नजर ठेवणाऱ्या बाईला आपल्या हातावर नजर ठेवायचं सुचलं नाही.

तिने रोगट पान तोडलं, वडापच्या जीपमध्ये बसली आणि बसवेशच्या शेडवर उतरली. गिऱ्हाइकं होती, दोन टेम्पो भरत होते. शालनने पान बसवेशच्या टेबलावर टाकलं.

“घ्या! ही तुमची बाटलीतली लेकरं. गरिबाच्या रानात रोग पेरताव व्हय?”

“मावशी, हळू बोला, आत बसून बोलू—”

“आत कशाला? हितंच बोलू. ऐकू द्या की समद्यांस्नी!”

समद्यांनी ऐकलं. एका टेम्पोवाल्याने भरलेली रोपं उतरवून ठेवली. जाळीच्या आत निवडीच्या टेबलाशी तेजश्री उभी होती, हातात रोप तसंच धरून. तिने आईकडे बघितलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी बसवेश आणि तेजश्री दोघंही रानात आले. बसवेश सऱ्यांमधून हिंडला आणि पुटपुटत राहिला. मध्ये एक पार गेलेलं, भोवतीची नुकती लागलेली. पुन्हा मध्ये एक, पुन्हा भोवतीची. आणि पलीकडचा सगळा तुकडा मात्र स्वच्छ, एका पानाला डाग नाही. तो शालनकडे वळला. “मावशी, आमच्या रोपांशिवाय दुसरं काय लावलंय का हितं? मुनवा, काकडी, काय बी? काकडीवरनं बी येतो ह्यो रोग.”

नेमक्या त्या क्षणी शालनला कळलं. तो स्वच्छ तुकडा म्हणजे जिथे एकही रोप मेलं नव्हतं, जिथे तिने हात लावला नव्हता, तोच. पण कालचं ओरडणं तोंडात अजून ताजं होतं, ते गिळता येईना.

“न्हाय,” ती म्हणाली. “एक बी न्हाय.”

बसवेश मोटरसायकलकडे गेला आणि फोनवर बोलत उभा राहिला. तेजश्रीने कुदळ घेतली आणि रोगट झाडं मुळासकट काढायला लागली. पहिलंच झाड उपटलं तर खाली जाडजूड कंद, त्याच्या एका अंगाला पहारीचा सपाट घाव. पिशवीतल्या रोपाला असा कंद कधी नसतो. तेजश्रीने तो हातात धरला. मग घावाची बाजू खाली करून खड्ड्यात टाकला आणि वर पायाने माती लोटली. पुढचा निघाला, तोही तसाच पुरला. आईकडे तिने एकदाही बघितलं नाही.

ते दिवस शालनने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. तेजश्री रोज कामाला जायची, यायची, जेवायची. मुनव्याचा विषय नाही की कंदाचा नाही. शालनला वाटायचं, हिला कळलं नसेल. मग वाटायचं, कळलंय, पण ही मनात काहीतरी धरून बसलीय. स्वतःच्या लेकीच्या गप्प बसण्यावरही ती संशय घेत राहिली. त्यातच मायाप्पाची सगळी बाग हरण्याने गेल्याची बातमी आली, आणि मग भिमा पाण्याला जाताना दारात थांबली.

“शालनबाई, तुजी तेजी पिशव्यांत माती भरतीया की आता. निवडीवर दुसरी पोरगी बसवलीय.”

संध्याकाळी तेजश्री आली. तिच्या नखांत माती होती, हे शालनला आज पहिल्यांदा दिसलं.

“त्या बसवेसनं तुला खाली बसवलं व्हय? बघतेच मी त्याच्याकडं!”

“त्यांनी नाही. मीच सांगितलं त्यांना, माझी नजर चुकली, रोगट रोपं माझ्या हातून गेली.”

“तू? का?”

“मग काय सांगू? माझी आई खोटं बोलते म्हणून? एवढ्या लोकांत ओरडलीस तू. उद्या तुला जेऊरच्या बाजारात उभं राहता आलं नसतं.” तेजश्रीने हात धुतले, पदराला पुसावेत तसे ओढणीला पुसले. “कंद बघितल्यावर कळलं, आई. मला आधीच कळायला पाहिजे होतं. नांगी नाही अशी केळीची लावण मी आजवर बघितली नाही. पण तू म्हणालीस जगली, मी मानलं.”

शालनला आयुष्यात पुष्कळांनी फसवलं होतं, निदान तिला तसं वाटायचं. पण आपल्या शब्दावर कुणी असं डोळे मिटून विसंबलं होतं हे तिला ठाऊकच नव्हतं. ती चुलीपुढे बसून रडली, अगदी आवाज काढून रडली. तेजश्रीने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. तिने ताट वाढून घेतलं.

सकाळी शालन शेडवर गेली आणि बसवेशला सगळं सांगितलं. मुनवे मी लावले, मायाप्पाच्या बागेतले. पोरीचा काही दोष नाही. बसवेशने शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याने तिच्याकडे जे बघितलं, ते बघणं शालनच्या ओळखीचं होतं. दूधवाल्याकडे ती तसंच बघायची.

“मावशी, लेकीसाठी आई काय बी बोलती,” तो म्हणाला. “माझी आई बी बोलली असती.”

“खरं सांगतिया मी, मालक.”

“त्या दिशी रानात मी विचारलं, तवा न्हाय म्हनालाव. ते खोटं की आजचं खोटं?”

“तेजीची शपथ!”

“जिला वाचवायचंय तिचीच शपथ घेताव?” बसवेश हसला, आणि वाईट हेतूने हसला नाही, हेच शालनला जास्त लागलं. “जावा घरी. रोजंदारी चालू हाय तिची, मी काय काढून टाकलं न्हाय.”

पुरलेल्या कंदांवर रोग पसरू नये म्हणून तेजश्रीने चुना टाकला होता, त्यात ते तोवर कुजून गेले होते. पण विहिरीच्या कडेला शालनचा एक मुनवा अजून उभा होता. रोगाने त्याला कसा कोण जाणे हात लावला नव्हता. पानं रुंद, खोड भक्कम, सगळ्या रानात उजवं झाड. रोज येता-जाता शालन त्याच्यापाशी घटकाभर थांबायची. तिने पहार घेतली, भोवतीची माती काढली आणि झाड आडवं केलं. पानं छाटली, कंद धुतला नाही, मातीसकट बारदानात गुंडाळला आणि डोक्यावर घेऊन रस्त्याला लागली. वडापवाल्याने ओझं बघून जीप थांबवली नाही. ती चालतच गेली.

शेडवर त्या दिवशीही गिऱ्हाइकं होती. शालनने बारदान टेबलावर सोडलं. बसवेश ‘मावशी, आत—’ म्हणाला, पण ती तिथेच उभी राहिली.

“त्या दिशी मी हितं लई ओरडले,” ती म्हणाली, आणि आवाज जमेल तेवढा मोठा केला. “रोपं ह्यांची चांगली व्हती. रोग मी लावला. चोरून मुनवे लावले आन विचारल्यावर न्हाय म्हनले. पोरीनं माझी लाज राखाया स्वतःवर घेतलं. हा बगा कंद, हा बगा माझ्या पहारीचा घाव.”

कुणीतरी हसलं. बसवेशने कंद उचलला, उलटा केला, घावावरून अंगठा फिरवला. मग जाळीकडे तोंड करून हाक मारली. “तेजश्री, हात धू आन निवडीला बस.” पुढच्या हंगामाचं काय, असं शालनने विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, “बगू की, मावशी.” एरवी शालनने त्या ‘बगू’चे दहा अर्थ काढले असते. आज तिने एकही काढला नाही. रिकामं बारदान काखेत मारून ती घरी आली.

उन्हं कलायच्या आत तेजश्री आली. पिशवी दारात टाकली, चहाही घेतला नाही, कोनाड्यातलं खुरपं घेऊन सरळ रानात गेली. पहिल्या सरीच्या पहिल्या झाडापाशी बसली आणि बुडाची माती हलकेच उकरून बघायला लागली. बघितलं, माती परत लोटली, दुसऱ्याकडे सरकली. शालन बांधावर येऊन उभी राहिली.

“काय बघतीस?”

“काही नाही.”

“आता एक बी न्हाय, तेजे. खरं सांगते.”

“हो,” तेजश्री म्हणाली, आणि पुढच्या झाडाची माती उकरायला लागली.

शालनला राग यायला हवा होता, आला नाही. ती घरात गेली, दुसरं खुरपं घेऊन आली आणि त्याच सरीच्या पलीकडच्या टोकाला बसली. प्रत्येक झाडाच्या बुडाला तिने हात घातला, आपणच लावलेलं-न लावलेलं ठाऊक असूनही नीट बघितलं आणि माती सारखी केली. सरकत सरकत दोघी सरीच्या मध्यावर आल्या. मध्ये एकच झाड उरलं होतं. तेजश्रीचं खुरपं थांबलं, शालनचंही थांबलं.

“तूच बघ,” शालन म्हणाली आणि हात मागे घेतला.